छर्‍यांची डबी

इंदूरच्या रामबागेतलं घर आवरताना माळ्यावर, हिशेबाच्या जुन्या वह्यांच्या मागे, नानांची एअरगन सापडली. त्यांच्याच एका धोतराच्या तुकड्यात गुंडाळलेली, दोन ठिकाणी सुतळीने बांधलेली. गाठी नानांनीच मारलेल्या असणार, कारण त्या काही केल्या सुटेनात. शेजारी पत्र्याची गोल डबी. झाकण गंजून बसलं होतं, ते चमच्याच्या दांड्याने उचकटलं. आत छर्रे होते, शिशाचे, करडे, वर पांढुरकी पूड चढलेले. एक तळहातावर घेतला. कमरेत बारीक, दोन्ही अंगांना फुगलेला, तुरीच्या दाण्याएवढा डमरू.

चाळीस वर्षं झाली, पण बोटांना तो लगेच ओळखू आला. बंदूक मधोमध मोडली की नळीचं मागचं तोंड उघडं पडतं. छर्‍याचं बोथट डोकं पुढे आणि पोकळ बाजू मागे ठेवून तो अंगठ्याने आत दाबायचा, मग नळी खटकन सरळ. हे सगळं मी छर्रा नुसता तळहातावर धरून मनातल्या मनात करून पाहिलं. डबीतले छर्रे मोजले. एकेचाळीस भरले.

त्याच संध्याकाळी शेतावरून चुलत भावाचा फोन आला. बोलता बोलता मी बंदुकीचं सांगून गेले, आणि तो एकदम म्हणाला, "ताई, ती मला दे. पेरूत गिलहर्‍यांनी उच्छाद मांडलाय. ठिबकच्या नळ्या कुरतडतात, फळं पोखरतात. आता मी थकलो."

मला पटकन हो म्हणवेना, आणि नाहीही म्हणवेना. त्याचं नुकसान खोटं नाही. घरात बसून प्राण्यांचा कळवळा येणं सोपं असतं, शेताची उधारी त्याला फेडायची असते. पण त्या बंदुकीशी माझा जुना हिशेब आहे, आणि तो मी कुणाला कधी सांगितलेला नाही.

आमचं शेत देपालपूरच्या रस्त्याला. शनिवारी शाळा सुटली की नाना मला घेऊन बसमध्ये बसायचे. यशवंत सागर आला की खिडकीकडची जागा माझी. २०२२ मध्ये हा तलाव महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या जागतिक रामसर यादीत गेला, तेव्हा वर्तमानपत्रातलं त्याचं नाव मी दोनदा वाचलं, एवढा तो माझ्या शनिवारांचा भाग होता. पुढे काळी जमीन, लोकवन गहू, हरभरा, लसूण, आणि चौमासात जिकडे पाहावं तिकडे सोयाबीन. सोयाबीन येण्याआधी माळव्यात पावसाळ्यात बरीचशी काळी जमीन पडीक ठेवत. पाणी जिरवायचं आणि रब्बीत गहू-हरभरा घ्यायचा. सत्तरच्या दशकात सोयाबीन आलं, ऐंशीच्या दशकात ते सगळीकडे झालं, आणि १९८७ साली त्याचं राष्ट्रीय संशोधन केंद्रही इंदुरातच निघालं. नाना म्हणायचे, "घरात पैसा आला तो सोयाबीनने, आणि उंदीर वाढले तेही सोयाबीनने. पूर्वी चौमासात त्यांना उपास घडायचा, आता दोन्ही हंगाम पंगत."

धान्याची कोठी मातीच्या भिंतींची, वर कवेलू, खाली फरशी. तिच्यात राहणारा उंदीर सडपातळ, लांब शेपटीचा, कवेलूंच्या खालून सरसर जाणारा. शेतातला वेगळा. तो जाडजूड, काळपट, आखूड शेपटीचा, डिवचला तर फिस्कारून अंगावर येणारा. पुस्तकात त्याला लहान घूस म्हणतात. आमचे हाली, म्हणजे शेतावरचे सालदार, ज्यांना घरातले सगळेच बा म्हणायचे, ते दोघांनाही ऊंदरा म्हणत, पण पहिला शब्द वेगळा लावत: घर को ऊंदरो, खेत को ऊंदरो. ही विभागणी साधी वाटते, पण सगळा उपाय तिच्यावरच अवलंबून होता. बंदूक फक्त घरच्या उंदरासाठी, आणि त्यातही शेवटी उरलेल्यांसाठी.

हे मला फार उशिरा समजलं. लहानपणी वाटायचं, उंदीर झाले की नाना बंदूक काढतात. खरं तर बंदूक निघायच्या आधी महिनाभर काम चाललेलं असायचं. फरशीच्या कडेच्या भेगांमध्ये काचांचे तुकडे घालून वर सिमेंट लावायचं. पोती भिंतीपासून हातभर दूर, लाकडी फळ्यांवर रचायची, म्हणजे मागे मांजर फिरू शकतं. दाराला खालून पत्रा ठोकायचा. मग पिंजरे. उंदराला नवी वस्तू संशयाची वाटते, म्हणून पिंजरा पहिले काही दिवस उघडाच ठेवायचा, आत शेवेचा चुरा टाकून. येतात, खातात, जातात. आणि मग एका रात्री खटका लावायचा. अशाने बहुतेक उंदीर संपायचे. उरायचे ते हुशार. ज्यांनी दुसर्‍याला अडकताना पाहिलं, किंवा स्वतः शेपटी सोडवून पळाले, ते पुन्हा पिंजर्‍याच्या जवळ फिरकत नसत. बियाण्याच्या पोत्याला भोक पाडणारे हेच. त्यांच्यासाठी नाना धोतराच्या गाठी सोडायचे.

रात्री जेवणं झाली की कोठीत दिवे बंद. नाना पालथ्या टोपलीवर बसायचे, मी त्यांच्या गुडघ्याशी. टॉर्चच्या काचेवर लाल जिलेटीन कागद दोर्‍याने बांधलेला, कारण उंदराला लाल उजेड जवळजवळ दिसतच नाही. आपल्याला कोठी दिसते, त्याला अंधार. त्या लाल उजेडात पोती डोंगरासारखी दिसायची, आणि मग त्या डोंगरावर एक मिशी हलायची.

नानांचे नियम पक्के होते. मागे भुशाचं पोतं असल्याशिवाय चाप ओढायचा नाही, कारण छर्रा दगडावर आपटून परत येतो. गोठ्याच्या दिशेने नळी कधीही नाही. दहा पावलांच्या पुढे नाही. डोक्यावर नेम नसेल तर नाही. स्प्रिंगच्या बंदुकीत जोर बेताचा असतो, पोटात लागलेला उंदीर भिंतीत जाऊन दोन दिवस मरतो. आणि लागला की उठून जवळ जाऊन पाहायचं. मी अकरा वर्षांची असताना पहिला उंदीर मारला. ठप् असा आवाज आला, तो पोत्यावरून खाली घरंगळला आणि त्याची शेपटी फरशीवर दोन-तीनदा आपटली. मी जागची हलले नाही. नाना म्हणाले, "जा. पाहा मेला का. अर्धवट असेल तर तो तुझा आहे, बांचा नाही." मी गेले. दात नारिंगी-पिवळे होते. पोट अजून गरम होतं. एका कानाला जुना फाटा होता, बहुतेक पिंजर्‍याच्या तारेचा. नानांनी त्याला शेपटीने उचलून उकिरड्यात खोल पुरायला लावलं. वास येऊ नये एवढाच त्यांचा हेतू होता. पण छर्रा लागलेलं मढं उघड्यावर टाकलं तर घारी ते खातात आणि शिसं त्यांच्या पोटात जातं, त्यामुळे घारी मरतात, हे मी पुढे वाचलं तेव्हा त्या उकिरड्याची आठवण होऊन बरं वाटलं.

एका रात्रीत आमचे सगळ्यात जास्त झाले ते अकरा. उंदराची मादी तीन आठवड्यांत विते, सहा-आठ पिल्लं होतात, आणि ती पिल्लं तीनेक महिन्यांत स्वतः वीण घालू लागतात. आम्ही अकरा मोजत असताना भिंतीच्या पोटात तेवढेच डोळे उघडत असणार. नानांना हे माहीत होतं. म्हणून बंदुकीने उंदीर कमी होतात असं ते कधीच म्हणाले नाहीत. बियाणं वाचतं, एवढंच म्हणायचे.

शेतातल्या उंदराचं काम चैत्रात. गहू निघाला की बा आणि त्यांची घरवाली, आमची जिजी, बांधावरची बिळं खणायला बसत. ताज्या, भुसभुशीत मातीचा ढीग तोंडाशी असेल आणि तोंड आतून बुजवलेलं असेल तर उंदीर घरात आहे. बांधाच्या पलीकडे त्याचं पळवाटेचं तोंड असतं, त्यावर मातीचा पापुद्रा एवढा पातळ ठेवलेला की वरून कळत नाही. तिथे जिजी फडकं टाकून बसायची. बा कुदळीने बोगद्याच्या मागे मागे जात. आणि एका वळणावर कुदळ पोकळीत शिरायची.

तो आतला दाणागोटा मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला ओरडायलाच आलं. ओंब्या होत्या. आखूड देठ ठेवून तोडलेल्या, एकाच दिशेला तोंड करून रचलेल्या, जशा आपण अगरबत्त्या डब्यात ठेवतो. अर्धं घमेलं भरलं एका बिळातून. हे धान्य जिजीचं. तसा कुठे करार नव्हता, पण नानांनी ते कधी मोजलं नाही आणि आमच्या कोठीत ते कधी आलं नाही. जिजी ते धुऊन, चार दिवस कडक उन्हात वाळवून ठेवायची. त्या रोट्या मी खाल्ल्या आहेत, माईला न सांगता. गव्हाला ओल्या मातीचा वास यायचा.

आता गिलहरीचं.

घरात आम्ही खार म्हणायचो, शेतावर गिलहरी, आणि पुण्याहून पाहुणे आले की तीच खारूताई व्हायची. १९८३ च्या दिवाळीत पुण्याचे मावसभाऊ आले होते. माझ्या नेमाची बढाई मीच मारली होती. विहिरीच्या कठड्यावर कुणीतरी शेंगदाणे ठेवले. कुणीतरी कशाला, मीच ठेवले. कडुनिंबावरून एक खार उतरली, थांबली, शेपटी झटकली, पुन्हा दोन हात पुढे आली. मग मागच्या पायांवर बसून पुढच्या दोन्ही हातांत शेंगदाणा धरून फिरवून फिरवून खाऊ लागली. दहा पावलं होती. मागे भुशाचं पोतं नव्हतं, उघडं शेत होतं. डोक्यावर नेम होता, पण खार खाताना डोकं सारखं हलवते. नानांच्या नियमांतला पहिलाच मी मोडला होता.

छर्रा कमरेत लागला. ती कठड्यावरून आतल्या बाजूला न पडता बाहेर पडली, हे तिचं दुर्दैव. मागचे पाय ओढत ती कडुनिंबाच्या बुंध्याशी पोहोचली आणि पुढच्या पायांनी चढायला लागली. दोन वीत चढली. घसरली. पुन्हा चढली. मावसभाऊ पळून गेले. मला दुसरा छर्रा भरता येईना, बोटं थरथरत होती. तिचा आवाज त्या एवढ्याशा देहाच्या मानाने फार मोठा होता. शेवटी बा धावत आले, त्यांनी एका दगडाने ते संपवलं, आणि माझ्याकडे न बघता परत गेले. नियमाप्रमाणे ती माझी होती, बांची नव्हती.

नाना आले तेव्हा मी तिच्याशेजारी बसले होते. त्यांनी एकच शब्द विचारला: "कशासाठी?" मला उत्तर नव्हतं. त्यांनी फावडं आणून दिलं. खड्डा करून तिला उचललं तेव्हा मी पहिल्यांदा खार हातात घेतली. उंदराहून ती हलकी होती. सेतू बांधताना रामाने पाठीवरून तीन बोटं फिरवली म्हणून खारीला तीन पट्टे, ही गोष्ट मला माईने शंभरदा सांगितली होती. मी आपली तीन बोटं तिच्या पाठीवर ठेवून पाहिली. ती बरोबर बसली. पण खाली दोन्ही कुशींवर आणखी एकेक पट्टा होता, फिकट, केसांत हरवलेला. पाच. मी पुन्हा मोजले. नानांना विचारलं, तर ते फावड्यावर हात टेकून म्हणाले, "दक्षिणेकडच्या खारीला तीन असतात. आपल्याकडच्या खारीला पाच." मग त्यांनी बंदूक उचलून नेली. ती होळीपर्यंत मला दिसली नाही.

ती खार मारणं चुकीचं आणि त्याच हाताने मारलेले उंदीर बरोबर, असं मी तेव्हापासून धरून चालले आहे, आणि तेवढीच वर्षं स्वतःशी भांडतेही आहे. उंदीर कुरूप म्हणून चालतो आणि खार गोंडस म्हणून चालत नाही, एवढंच यात असेल तर त्यात काही दम नाही. दोन्ही कुरतडणारेच, दोघांचेही पुढचे दात जन्मभर वाढत राहतात, कुरतडलं नाही तर तोंड मिटणार नाही. फरक मला नानांच्या त्या एका शब्दात दिसतो. उंदरांसाठी त्या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर होतं आणि ते उत्तर पोत्यात भरलेलं डोळ्यांसमोर दिसत होतं. आणि तरीही पिंजरा, पत्रा, मांजर सगळं करून झाल्यावरच बंदूक यायची.

नाना गेल्यावर शेत काकांकडे आलं. बंदूक इंदूरला माळ्यावर गेली आणि कोठीत औषध आलं. आधी ते काळं, झिंक फॉस्फाइडचं. त्याची पद्धत शहाणपणाची आहे, हे मान्य करायला हवं. पहिल्या दिवशी सगळी बिळं चिखलाने बुजवायची. दुसर्‍या दिवशी जी पुन्हा उघडलेली दिसतील तीच जिवंत बिळं. तिथे दोन-तीन दिवस तेल लावलेला नुसता भरडा टाकून उंदरांना चटक लावायची, आणि मग त्यात शंभरात दोन भाग औषध. पोटातल्या आम्लाशी गाठ पडली की त्याचा विषारी वायू होतो. त्या पुडीला लसणासारखा वास येतो. लसणाने भरलेल्या आमच्या कोठीत तो वास वेगळा कळायचा नाही, याची मला त्या वयातही भीती वाटायची. लहान मुलं वावरणारी जागा ती.

नंतर मेणाच्या रंगीत वड्या आल्या. त्यांनी उंदीर लगेच मरत नाही. रक्त गोठणं बंद होतं, आतल्या आत रक्तस्राव होतो, आणि या सगळ्याला चार-सहा दिवस लागतात. म्हणून उंदीर वडीवर संशय घेत नाहीत, आणि म्हणून ती विकली जाते. त्या चार-सहा दिवसांत उंदीर दिवसाढवळ्या, झिंगल्यासारखा, अंगणाच्या मधोमध येऊन बसतो. मी स्वतः पाहिला आहे. हात लावला तरी पळाला नाही.

कोठीच्या वर, कवेलूंच्या आणि भिंतीच्या खोबणीत, घुबडाचं बिर्‍हाड होतं. गव्हाणी घुबड, पिंपळपानासारखा पांढरा चेहरा, पाठ सोनेरी-करडी. माई त्याला अशुभ म्हणायची, बा लछमी को वाहन म्हणायचे, आणि नाना फक्त त्याखालची जमीन झाडू द्यायचे नाहीत. कारण तिथे गोळ्या पडायच्या. घुबड उंदीर सबंध गिळतं आणि पचलं नाही ते, केस आणि हाडं, गोळा करून ओकून टाकतं. अंगठ्याएवढी, काळी, चकचकीत गोळी. सुट्टीत मी आणि नाना ती पाण्यात भिजवून सुईने फोडायचो. आत कवट्या निघायच्या, शेंगदाण्याएवढ्या, नारिंगी दातांसकट. एका गोळीत कधी दोन, कधी तीन. आम्ही अकरा मारून मिशीला पीळ भरायचो, आणि हे वर बसलेलं जोडपं पिल्लं असताना रोज रात्री न चुकता तेवढं काम करून जायचं, चाप न ओढता, बियाण्याला छर्रा न लावता.

वड्या टाकायला लागल्याच्या दुसर्‍या वर्षी ते घुबड कोठीच्या दाराशी पडलेलं सापडलं. अंगावर जखम नव्हती. पंख अर्धे उघडे, चोचीच्या कडेला वाळलेलं रक्त. काकांना मी बोलले. काका म्हणाले, म्हातारं झालं असेल. त्यांचं मन मोडावं असं मला वाटलं नाही, त्या वर्षी त्यांचा लसूण मातीमोल गेला होता. पण दाराशी बसणारे झिंगलेले उंदीर मी पाहिले होते, आणि त्यांना उचलायला घुबडाइतकं सोयीचं कोण?

मध्यंतरी माझ्या भाचीकडे इंग्लंडला गेले होते, वेल्सच्या हद्दीजवळच्या एका खेड्यात. तिच्या शेजारचा शेतकरी रात्री एअर रायफल घेऊन गोठ्यात उंदीर मारायला बसतो. लाल जिलेटीनच्या जागी त्याच्याकडे अंधारात दिसणारी दुर्बीण आहे, पण बसण्याची पद्धत थेट नानांची, पालथ्या बादलीवर. तिथे बारा फूट-पाउंडाच्या आतली, म्हणजे बेताच्या जोराची, एअर रायफल विनापरवाना चालते. आणि दिवसा तो खारी मारतो. करड्या खारी, आपल्या खारीच्या दुप्पट-तिप्पट मोठ्या. त्या तिथल्या नव्हेतच. अमेरिकेतून कुणा श्रीमंताने १८७६ साली हौसेने आणून आपल्या बागेत सोडल्या. त्या वाढल्या, तरुण झाडांची साल सोलू लागल्या, आणि त्यांच्याबरोबर आलेल्या देवीसारख्या रोगाने तिथली मूळची तांबडी खार जागोजाग संपली. करडीला त्या रोगाचं विशेष काही होत नाही, तांबडी मरते. पन्नासच्या दशकात सरकारने शेपटीमागे एक शिलिंग इनाम लावलं. शेपट्यांचे ढीग आले, खारी हटल्या नाहीत, आणि १९५८ मध्ये इनाम बंद झालं. आजही तिथे पिंजर्‍यात सापडलेली करडी खार पुन्हा सोडणं हा गुन्हा आहे.

त्या माणसाने एक खार झाडावरून पाडली तेव्हा मी तिथे होते. माझ्या पोटात जे व्हायचं ते झालं. पण तो चालत गेला, वाकला, तिच्या डोळ्याला काडी लावून पाहिली, आणि मगच पिशवीत टाकली. त्याच्याकडे "कशासाठी?"ला उत्तर होतं. मी त्याला वड्यांचं विचारलं. तो म्हणाला, त्यासाठीच तर रायफल, आता उघड्या शेतात ते औषध चालत नाही. तिथे मेलेल्या गव्हाणी घुबडांची यकृतं तपासत आले आहेत आणि बहुतेकांमध्ये हेच रक्त न गोठू देणारं औषध सापडत आलं आहे. हे ऐकताना मला आमच्या कोठीचं दार दिसत होतं.

आपल्याकडचा कायदा वेगळा आणि मला वाटतं, खारीच्या बाबतीत योग्य. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात कावळा, फळं खाणारी वटवाघळं आणि उंदीर यांना उपद्रवी म्हणून पाचव्या अनुसूचीत टाकलं होतं. खार त्यात नव्हती. पाच पट्ट्यांची खार संरक्षितांच्या यादीत होती. २०२२ च्या दुरुस्तीने ती पाचवी अनुसूचीच काढली. आपली खार कुणी जहाजातून आणलेली नाही. ती कडुनिंबावरचीच. तिला मारायला इंग्लंडचं कारण इथे आणता येत नाही, आणि भावाला मी हेच सांगितलं. तो म्हणाला, "ठीक आहे ताई, कायदा समजला. मग नळ्यांचं काय करू ते सांग."

म्हणून पौषात जाऊन आठ दिवस राहिले. बंदूकही नेली. तिचा कातड्याचा वॉशर सुकून पापड झाला होता, तो इंदुरातून बदलून घेतला.

पेरूची चारशे झाडं. प्रत्येक फळाला फोमची जाळी, वर पिशवी, आणि तरी काही फळं पिशवीसकट पोखरलेली. नळ्या मात्र मी सकाळी सकाळी बसून पाहिल्या. खार नळी कुरतडते ती तोटीच्या जवळ, जिथे थेंब दिसतो तिथे. दातांना चाळा हवा हे खरं, पण विहिरीचा कठडा आता जाळीने झाकला आहे, पाट बुजले, सगळं पाणी नळीतून जातं. पूर्वी ती पाटावर प्यायची, आता प्यायला दुसरी जागा नाही. कुंभाराकडून मातीची परळं आणली, दर पाचव्या झाडाखाली एक, रोज सकाळी भरायची. नळ्या कुरतडणं कमी झालं. फळांचं नुकसान फारसं कमी झालं नाही, हेही लिहायला हवं. भाऊ परळं भरतो, पण खूश नाही.

कोठीत मात्र उंदीर होते. बियाण्याच्या चार पोत्यांना भोकं. भावाच्या मुलाला, माझ्या भाच्याला, घेऊन आधी तीन दिवस भेगा बुजवल्या, पोती भिंतीपासून ओढली, पिंजरे लावले. नऊ सापडले. वड्यांचं उरलेलं पाकीट मी भावाकडून मागून घेतलं, त्याने दिलंही. मग सातव्या रात्री टॉर्चला लाल जिलेटीन बांधला आणि बसलो. एक मारला. दुसर्‍यावर नेम चुकला. तिसरा आलाच नाही. भाचा चौदा वर्षांचा, त्याला चाप ओढायचा होता. मी म्हटलं, आधी जा आणि पाहा. तो गेला, बराच वेळ वाकून उभा राहिला. "आत्या, याला मिश्या केवढ्या आहेत," म्हणाला. नंतर बंदूक त्याने मागितली नाही आणि मीही पुढे केली नाही. उंदीर आम्ही उकिरड्यात पुरला.

निघायच्या आदल्या दिवशी सुताराकडून फळ्यांचं एक मोठं खोकं करून घेतलं, आत अंधार राहील असं, आणि घुबडाच्या जुन्या खोबणीच्या जागी ठोकलं. खोबण कवेलूंबरोबर गेली, आता तिथे पत्रा आहे. असल्या खोक्यांमध्ये मलेशियात पाम तेलाच्या मळ्यांत आणि इस्रायलमधल्या शेतांत गव्हाणी घुबडं राहतात आणि उंदीर खातात, हे वहिनीला सांगितलं. ती म्हणाली, माझ्या सासूबाई असत्या तर दारावर घुबड टांगू दिलं नसतं.

काल तिचा फोन होता. खोक्यात कबुतरं शिरली आहेत. काड्या आणून टाकल्यात सगळ्या.

"काढून टाका ना," मी म्हटलं. "कबुतरं बसली तर घुबड यायचं नाही."

"मी शिडी लावली होती ताई," ती म्हणाली. "दोन अंडी आहेत. आता कसं काढू?"

राहू द्या म्हटलं. पिल्लं उडाली की काढू.